म्हैस जाते ती वाट

पाबे घाट ओलांडल्यावर वेल्ह्याच्या अलीकडे डांबर सोडून डोंगरात शिरणारी एक वाट ‘सोपी, नवशिक्यांसाठी उत्तम’ असल्याचे आमच्या गटाच्या म्होरक्यांनी शनिवारी लेखी कळवले होते. रविवारी त्या उत्तम वाटेवर माझी १९६ किलोची हिमालयन मोटारसायकल आडवी झाली, तेव्हा म्होरके ‘पुढे अजून सोपे आहे!’ असे ओरडत वळणाआड गेले होते.

बांधावर तंबाखू मळत बसलेल्या एका आबांनी हा सोहळा पहिल्यापासून पाहिला होता.

“पडली व्हय?”

‘नाही, वामकुक्षी घेते आहे’ हे उत्तर माझ्या पुणेरी जिभेच्या टोकावर आले होते. परंतु गाडी उचलू लागायला दुसरे कोणी दिसत नसल्यामुळे मी ते गिळले आणि ही वाट अवघड आहे का, असे नम्रपणे विचारले.

“छ्या! आमची म्हस जाती की रोज.”

“आबा, म्हशीला चार पाय असतात.”

आबांनी या मुद्द्यावर बराच विचार केला.

“गाभण असतानाबी जाती,” ते म्हणाले.

“आणि पावसाळ्यात?”

“पावसात न्हाय सोडत. खडकावर शेवाळ धरतं. पाय मोडला तर केवढ्याला पडंल! आन् उतरताना बिचकती, मग पल्याडच्या अंगानं आणायची. ही तुमची कितीची?”

मी किंमत सांगितली. आबांचा तंबाखू मळायचा थांबला.

“आन् लिटरला?”

“तीस जाते.”

“म्हंजी ही पिती. आमची देती.”

हा अपमान अजून पुरता उतरलेला नाही. तरीही मान्य करावे लागते की ऋतू, ओझे, चढ-उतारातला फरक, परतीची सोय आणि पडल्यास होणारा खर्च एवढ्या साऱ्याचा हिशेब आबांच्या म्हशीत होता आणि म्होरक्यांच्या ‘सोपी’त यातले काहीही नव्हते. त्यांची ‘सोपी’ मे महिन्यातल्या कोरड्या मुरमावर, सामानाविना, वर्षानुवर्षांच्या सवयीने पायट्यांवर उभे राहून गाडी हाकताना ठरलेली असते. शिवाय ते सरासरी काढतात. आठ किलोमीटर मऊ मुरूम आणि पन्नास मीटर सुटे धोंडे असलेली वाट नवशिक्यासाठी त्या पन्नास मीटरांइतकीच अवघड असते, कारण तो उरलेल्या आठ किलोमीटरांत पडत नाही. गडांच्या चढाईला निदान सोपी, मध्यम, कठीण अशा श्रेणी असतात आणि त्यांवर लोक भांडतात तरी. मोटारसायकलच्या वाटांची श्रेणी मात्र जो सर्वांत पुढे असतो तोच ठरवतो, आणि मागे काय घडते हे पाहायला तो तिथे कधीच नसतो. विचारले तर ‘सवयीने जमेल’ म्हणतो. सवय होईपर्यंत पडून मोडणाऱ्या क्लचच्या दांड्या कोणी विकत घ्यायच्या?

अखेर आबा उठले, तंबाखू गालात सारला आणि मागचे कॅरिअर धरून त्यांनी गाडी माझ्याहून सफाईने उभी केली.

“ओढ्याच्या पल्याड कसे आहे, आबा?”

“तिकडं म्हस न्हाय नेत आम्ही.”

मी गाडी तिथेच वळवली.