इन्फ्लुएन्शियल बँडचा वाद कसा जिंकावा (गिटार न शिकता)

शनिवारी रात्री टपरीवर चार जण जमले, कटिंग आला आणि कोणीतरी एकदम सिरीयस चेहरा करून म्हणालं की भाई, मॉडर्न रॉकमधला सगळ्यात इन्फ्लुएन्शियल बँड म्हणजे रेडिओहेड, विषय संपला, की तुमच्या पोटात गोळा येतो ना? कारण तुम्हाला रेडिओहेडचं एकच गाणं माहितीये आणि ते नेमकं खुद्द बँडलाच नकोसं झालेलं गाणं निघतं. टेन्शन घेऊ नका. मी गेली वीस वर्षं हा वाद घालतोय, एकदाही हरलेलो नाही, आणि माझं गिटारचं शिक्षण एफ कॉर्डपाशी येऊन थांबलेलं आहे.

पहिलं म्हणजे शब्द घट्ट धरून ठेवा. 'बेस्ट' म्हणायचं नाही, बेस्ट म्हटलं की लोक म्हणतात लाव एखादं गाणं, मग ते ऐकावं लागतं. 'मोठा' तर चुकूनही म्हणू नका, मोठेपणा मोजता येतो. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेने नवी मुंबईत डी वाय पाटील स्टेडियमवर तीन शो केले, आता त्यासमोर तुम्ही काय बोलणार? पण 'इन्फ्लुएन्शियल' म्हणा, लगेच हवा तुमच्या बाजूने. आपल्याकडे म्हणतात ना, साहेबांचं तालुक्यात वजन आहे. आजवर कोणी त्या साहेबांना काट्यावर उभं करून बघितलंय का? तसंच हे.

'मॉडर्न' कधीपासून ते मात्र तुम्हीच ठरवायचं, समोरच्याला ठरवू द्यायचं नाही. साधारण तुमच्या आठवी-नववीपासून मॉडर्न सुरू होतं आणि लग्न झालं की संपतं, त्यानंतर सगळा कचरा.

आता मुख्य डाव. बँडचं नाव कधीही आधी घ्यायचं नाही, समोरच्याला घेऊ द्या. तो शंभरातल्या नव्वद वेळा निर्वाणा म्हणेल आणि पाठ केल्यासारखं सांगेल की सप्टेंबर 1991 मध्ये त्यांचा 'नेव्हरमाइंड' अल्बम आला, जानेवारी 1992 मध्ये त्याने मायकल जॅक्सनला बिलबोर्ड या अमेरिकी चार्टच्या एक नंबरवरून खाली खेचलं, जग बदललं वगैरे. बोलू द्या त्याला. पूर्ण दम लागेपर्यंत बोलू द्या. मग चहाचा एक घोट घ्या, लांब बघा आणि हळू आवाजात म्हणा, "हं... पण पिक्सीज." बास. कडवं हळू, मग धाडकन मोठा कोरस, ही आयडिया पिक्सीज या त्यांच्या आधीच्या बँडची, आणि हे निर्वाणाच्या कर्ट कोबेनने स्वतः 1994 मध्ये रोलिंग स्टोनच्या मुलाखतीत सांगितलंय की मी ते हिट गाणं, 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट', करताना सरळसरळ पिक्सीजची नक्कल करत होतो. खुद्द आरोपीचा कबुलीजबाब आहे, आता वकील काय करणार!

एखादा चिवट निघतो, त्याला पिक्सीज माहीत असतात. मग अजून खाली उतरायचं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये असं आजी म्हणायची, पण आजी रॉक ऐकत नव्हती, तेव्हा बिनधास्त शोधा. पिक्सीज 1986 ला बॉस्टनमध्ये सुरू झाले तेव्हा त्यांनी बास गिटार वाजवणारं कोणी पाहिजे म्हणून पेपरात जाहिरात दिली होती आणि त्यात अट अशी की उमेदवाराला हस्कर डू आणि पीटर, पॉल अँड मेरी दोन्ही आवडले पाहिजेत. एक कानठळ्या बसवणारा पंक बँड आणि एक साठच्या दशकातलं सोज्वळ लोकगीतवालं त्रिकूट, म्हणजे आपल्याकडे कोणी 'मेटल आणि भावगीत दोन्हीची आवड असणारी वधू पाहिजे' असं छापावं तसं. उत्तर एकीचंच आलं, किम डीलचं, आणि ती आली ती बास न घेताच, कारण तिने तोवर बास वाजवलेलाच नव्हता. ही गोष्ट खरी आहे आणि एवढी भारी आहे की सांगून झाल्यावर वाद कशावर चालला होता ते कोणाच्या लक्षात राहत नाही, हाच तिचा उपयोग.

आणि सुरुवातीचा तो रेडिओहेडवाला? त्याला एवढंच विचारा की बँडचं नाव कुठून आलं. टॉकिंग हेड्स या बँडच्या गाण्यावरून. ज्याला स्वतःचं नाव ठेवायला दुसऱ्याच्या घरी जावं लागलं त्याच्याबद्दल अजून काय बोलायचं, असं म्हणून विषय कट करा. (मला स्वतःला रेडिओहेड प्रचंड आवडतो, पण त्याचा इथे काय संबंध.)

गंमत अशी की वाजवणाऱ्यांना यात काहीच लाज वाटत नाही. आर्क्टिक मंकीजच्या अ‍ॅलेक्स टर्नरने तर 2018 च्या अल्बमच्या पहिल्याच ओळीत गाऊन टाकलंय की मला स्ट्रोक्स बँडमधला एक व्हायचं होतं. ते लोक सरळ म्हणतात ढापलं, आपण म्हणतो प्रभाव. त्यामुळे बँडवाल्यांना असल्या चर्चेत कधी बोलवू नका, दोन मिनिटांत संपवतील.

आकडे लागतातच कधीतरी. त्यासाठी व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड. मॉडर्नमध्ये बसत नाही, 1967 चा त्यांचा पहिला अल्बम आहे, पण कोणी हरकत घेत नाही कारण नाव घेतलं की सगळे मान डोलावतात. ब्रायन एनो या संगीतकाराचं म्हणून एक वाक्य फिरतं की तो अल्बम फार कमी लोकांनी घेतला पण ज्याने घेतला त्याने बँड काढला. एनो 1982 मध्ये बोलला तेव्हा 30,000 कॉप्या म्हणाला होता. पुढे लोकांनी सांगता सांगता त्याचे दहा हजार केले, मग एक हजार, आमच्या टपरीवर सध्या तीनशेचा भाव चालू आहे. कमी विकला म्हणजे जास्त इन्फ्लुएन्शियल, हे गणित पक्कं लक्षात ठेवा, धंद्यात वापरू नका.

याच्याच जोडीला मँचेस्टर. 4 जून 1976, लेसर फ्री ट्रेड हॉल, सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा शो, माणसं जेमतेम चाळीसेक. त्यातून पुढे कोण निघाले बघा, जॉय डिव्हिजन काढणारे दोघे, द फॉलचा मार्क ई. स्मिथ, नंतर स्मिथ्समध्ये गाणारा मॉरिसी, आणि शो ज्यांनी ठेवला होता ते पुढचे बझकॉक्स. पण "मी होतो तिथे" म्हणणारे एवढे झाले की त्यांना बसवायला हॉल नाही, आख्खं स्टेडियम लागेल. आपल्याला हे नवीन नाही, 2011 ची फायनल वानखेडेवर प्रत्यक्ष बघितलेले मला एकट्यालाच दीडशे भेटलेत आणि मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव बघितलेले तर रोज भेटतात, त्यातल्या एकाचं वय तेव्हा तीन वर्षं होतं. तुम्हीही होता. कुठे होता ते वाद कुठे पोचलाय त्यावर ठरवा.

आता घाव घालायची एक वेगळी पद्धत, ही थोडी नीच आहे. समोरच्याचा बँड खरंच भारी असेल, मूळ शोधूनही हाताला काही लागत नसेल, तर त्याची नातवंडं काढायची. प्रभाव पाडलात ना? मग घ्या जबाबदारी. पर्ल जॅमच्या एडी व्हेडरने तसा आवाज लावला आणि पुढची दहा वर्षं अमेरिकेतला निम्मा रेडिओ तोंडात गरम बटाटेवडा धरून गात होता. रेज अगेन्स्ट द मशीन घ्या, केवढा राग, केवढं राजकारण, आणि त्यातून पुढे आलं काय, तर लिम्प बिझकिट हा टिंगलीचा विषय झालेला बँड. हे मी नाही म्हणत, रेजच्या टिम कॉमरफर्डने 2015 मध्ये लिम्प बिझकिटबद्दल जाहीर माफी मागितलेली आहे. कार्ट्याने शेजाऱ्याची काच फोडल्यावर बाप दारात जाऊन हात जोडतो, तशी. एवढा स्पष्ट प्रभाव दुसऱ्या कुठल्या बँडचा सिद्ध झालाय सांगा.

अगदीच अडकलात तर स्लिंट म्हणा. अमेरिकेतल्या लुइव्हिलची पोरं, 1991 चा अल्बम, तो दुकानात यायच्या आधीच बँड फुटलेला, आणि आख्ख्या पोस्ट-रॉकवर (गाण्यापेक्षा वाजवण्यावर भर असलेलं रॉक) छाप. टपरीवर कोणी ऐकलेला नसतो. धोका एकच, कोणीतरी म्हणतं लाव ना मग. तेव्हा तोंड वाकडं करून सांगायचं, "ते फोनच्या स्पीकरवर ऐकायचं नसतं रे."

एकदा मित्राची बायको न्यायला आली होती, पाच मिनिटं उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, तुमच्या यादीत बाई एक तरी आहे का? आम्ही चौघं एका सुरात ओरडलो, किम डील! ती म्हणाली, ती तुमच्या जाहिरातीच्या गोष्टीत आहे, यादीत नाही. वर जाता जाता हेही सांगून गेली की ज्या हिट गाण्यावर तुमची गाडी सारखी येते त्याचं नाव कर्टला सुचलं ते बिकिनी किल या बँडच्या कॅथलीन हॅनाने त्याच्या भिंतीवर लिहिलेल्या वाक्यावरून. असल्या माणसांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. गाडी सुरू होईपर्यंत गप्प बसायचं.

राहता राहिला एक नियम. बीटल्सचं नाव घ्यायचं नाही. कारण ते घेतलं की सगळं संपतं, खाली जायला जागाच राहत नाही, आणि आम्हाला घरी जायचं नसतं. आमच्यात ठरलंय, जो बीटल्स म्हणेल त्याने सगळ्यांचं बिल द्यायचं. मागच्या शनिवारी साडेअकराला एकाला घरून तिसरा फोन आला, त्याने फोन बघितला, आमच्याकडे बघितलं, शांतपणे "बीटल्स" म्हणाला, दोनशेची नोट ठेवली आणि बाइकला किक मारून गेला. टपरीवाला स्टोव्ह विझवायला वाकला. आम्ही तिघं दोन मिनिटं गप्प. मग एक जण म्हणाला, "पण बीटल्स सुरुवातीला चक बेरीचीच गाणी वाजवायचे ना?"

टपरीवाल्याने स्टोव्हवरचा हात काढला आणि विचारलं, "तीन कटिंग?"