माणेक चौक, डाळ आणि भटियार गल्ली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही अहमदाबादेत अकरा वर्षं काढलीत आणि मी जेमतेम तीन दिवस. त्यामुळे माझ्या ‘अहमदाबादची खाद्ययात्रा’ या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं मला बरं वाटेना. तुमचं म्हणणं असं : जागतिक वारसा शहरात जाऊन मी जामा मशीद आणि सिदी सय्यद मशिदीची कोरीव दगडी जाळी चार ओळींत उरकली आणि बाकी सगळा लेख खाण्यावर लिहिला, चीजचा डोंगर घातलेलं सँडविच हा काही वारसा नव्हे, गोड डाळीचं कौतुक मराठी माणसानं करू नये, आणि मांसाहारी खाण्याच्या भटियार गल्लीचं नावसुद्धा नाही, म्हणजे शहर अर्धंच दाखवलं.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो पूर्ण बरोबर आहे. मी मांस खात नाही, म्हणून तीन दरवाजाजवळच्या त्या गल्लीत शिरलेच नाही. पण आपण न खाणं वेगळं आणि ‘अहमदाबादची खाद्ययात्रा’ असं शीर्षक देऊन ती गल्ली गाळणं वेगळं. चूक झाली. शीर्षकात आता ‘शाकाहारी’ हा शब्द घातला आहे.

चीजबद्दलही भांडण नाही. अननसाच्या सँडविचवर किसलेलं चीज मलाही जड गेलं होतं. पण मी त्या सँडविचबद्दल लिहिलं ते माणेक चौकासाठी, आणि ते लेखात नीट उतरलं नसावं, म्हणून पुन्हा सांगते. २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेलं ते एखादं सुटं स्मारक नाही, कोटाच्या आतलं नांदतं शहर आहे. त्या शहराच्या ऐन मध्यावर माणेक चौक. सकाळी तिथे भाजी आणि गायींचा चारा, दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार, आणि सराफांची शटरं खाली आली की त्याच जागेवर तवे आणि शेगड्या. हा पालट बघायला मी रात्री आठपासून मुद्दाम उभी होते. एक सराफ कुलूप दोनदा ओढून बघत होता. त्याच्याच पायरीला टेकवून एक मुलगा घडीची टेबलं उघडत होता. सराफ वळला, वाटेतलं टेबल स्वतःच्या हातानं जरा सरकवलं आणि निघून गेला. दोघं एक शब्द बोलले नाहीत. जागा कुणाची, वेळ कुणाची, हे तिथे सगळ्यांना पाठ आहे. जामा मशिदीवर १४२४ साल आहे, ते मी वाचून लिहू शकते. ही शिस्त मात्र खायला बसल्याशिवाय दिसली नसती.

पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्त्यांमधल्या, जुन्या घरांचंही तेच. घराच्या आतल्या चौकाखाली टांका, म्हणजे पाण्याची टाकी असते, पावसाचं पाणी छतावरून त्यात उतरवायचं आणि वर्षभर पिण्याला, स्वयंपाकाला वापरायचं. नाक्यावर पाखरांना दाणे टाकायला कोरीव चबुतरा. घर बांधतानाच खाण्यापिण्याचा, अगदी पाखरांच्याही खाण्याचा विचार केलेला. मग वास्तू तेवढी वारसा आणि तिच्यात शिजतं ते किरकोळ, असं कसं म्हणायचं?

जुन्या शहरातल्या खाडिया भागात सकाळी फाफडा करणाऱ्यासमोर मी अर्धा तास उभी होते. बेसनाचा बोटभर गोळा लाकडी पाटावर ठेवायचा, तळहाताच्या टाचेनं एका दमात पुढे रेटायचा, की कागदासारखी लांब पट्टी पसरते. मग पातळ सुरी खालून सरकवून ती अखंड सोडवायची आणि तेलात. मी बघत होते तेवढ्या वेळात एकही तुटली नाही. सोबत कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या. या हाताला मी जाळीच्या कारागिराइतकाच मान देते, आणि हे वाक्य लेखातून काढणार नाही.

आता डाळ. तुम्ही तिला ‘साखरपाणी’ म्हणालात, ते मला लागलं. तिच्यात गुळाबरोबर कोकमाचा किंवा लिंबाचा आंबटपणा असतो, शेंगदाणे असतात, वरून मोहरी-मेथीची फोडणी. आमच्या घरची आमटी चिंचगुळाची. आमसूल-गुळाची आमटी तर कितीतरी मराठी घरांत रोज होते. गुळाचा खडा थोडा मोठा, एवढाच फरक. पहिला घोट घेतला तेव्हा मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं, कौतुक तिथून आलं.

दिवाळीनंतर पुन्हा जाते आहे, या वेळी धाकटा भाऊ सोबत आहे आणि तो सगळं खातो. भटियार गल्लीत तुम्ही कुठे बसायचात, काय मागवायचात, कोणत्या वेळेला गेलं तर ताजं मिळतं, हे जरा सविस्तर लिहाल का? तो खाईल, मी शेजारी बसून लिहून घेईन.