पैसे घेतले म्हणून खोटे, परदेशी म्हणून खरे? संशोधनाविषयीच्या एका मजकुराचा प्रतिवाद

खान्देशातील शिक्षकांच्या, पालकांच्या आणि केळी उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: जिल्ह्याच्या महाविद्यालयांतले संशोधन ही निव्वळ धूळफेक आहे, दोन हजार रुपये भरले की आठ दिवसांत पेपर छापून येतो, जे नियतकालिक लेखकाकडून पैसे घेते ते बोगसच असते, खरे संशोधन फक्त परदेशी नियतकालिकांत येते, आपल्याकडच्या पीएच.डी.चा शेतकऱ्याला दमडीचा उपयोग नाही. म्हणून या संशोधनावरचा सरकारी खर्च बंद करून तो पैसा शेतकऱ्याच्या खात्यात टाकावा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझे माजी विद्यार्थी आहेत, सहकारीही आहेत, आणि त्यांचा संताप खोटा नाही. पण ज्या तक्रारीतून तो आला आहे तिचे कारण आणि तिच्यावरचा उपाय या दोन्ही गोष्टी मजकुरात चुकीच्या सांगितल्या आहेत, आणि त्या उपायाची झळ नेमकी प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला बसेल.

जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणाच्याही ई-मेलमध्ये पेपर पाठवण्याची निमंत्रणे येऊन पडलेली असतात. नियतकालिकाचे नाव ‘इंटरनॅशनल’ने सुरू होते, विषयांच्या यादीत अभियांत्रिकीपासून संस्कृतपर्यंत सगळे असते, ४८ तासांत स्वीकृतीची हमी असते, प्रत्येक सहलेखकाला स्वतंत्र रंगीत प्रमाणपत्र मिळणार असते आणि तळाशी संपादकाच्या पत्त्याऐवजी एक मोबाइल क्रमांक व पैसे भरण्याचा क्यूआर कोड असतो. निबंध नीट वाचणे, आकडेवारी पडताळणे, शंका लिहून लेखकाला कळवणे आणि त्याच्या उत्तरानंतर पुन्हा वाचणे हे ४८ तासांत होत नाही. म्हणजे ते होणारच नाही, हे त्या निमंत्रणातच कबूल केलेले असते. फिनलंडमधील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार अशा नियतकालिकांत २०१० साली सुमारे ५३ हजार लेख छापले गेले होते आणि २०१४ साली हा आकडा सुमारे ४ लाख २० हजारांवर गेला. त्या लेखकांमध्ये सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता. तेव्हा बोगस पेपरांचा बाजार आहे, तो मोठा आहे आणि त्यात आपण गिऱ्हाईक आहोत, याबद्दल माझा मजकूर पाठवणाऱ्यांशी वाद नाही. वाद पुढच्या विधानांशी आहे.

पैसे घेते ते बोगस, हे पहिले विधान. काही नियतकालिके वाचकाकडून वर्गणी घेतात, तर काही लेख सर्वांना मोफत वाचायला ठेवतात आणि छपाई-संपादनाचा खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेतात. ही दुसरी पद्धत जगभर रूढ आहे. ‘नेचर’ या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकाने लेख सर्वांसाठी खुला ठेवण्याचा पर्याय २०२१ पासून दिला तेव्हा त्याचे शुल्क ९,५०० युरो ठेवले होते. हे शुल्क अवाच्या सवा आहे, खान्देशातला कोणताही प्राध्यापक ते स्वतःच्या खिशातून भरू शकणार नाही आणि त्याबद्दल जरूर भांडावे. पण त्यावरून ‘नेचर’ बोगस ठरत नाही. याची एक परीक्षा प्रत्यक्ष झालेली आहे. २०१३ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक खोटा निबंध शुल्क घेणाऱ्या ३०४ खुल्या नियतकालिकांकडे पाठवला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला आणि ९८ नियतकालिकांनी नाकारला. नाकारणाऱ्यांत ‘प्लॉस वन’ हे नावाजलेले नियतकालिक होते, आणि तेही लेखकाकडून शुल्क घेते. म्हणजे शुल्क घेणाऱ्यांतच चोख आणि भोंगळ असे दोन्ही प्रकार निघाले. उलट दिशेनेही पाहता येईल: भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत लेख छापण्यासाठी लेखकाला पैसे मोजावे लागत नाहीत आणि ते लेख अकादमीच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. नियतकालिक ओळखायचे तर पैशाच्या पावतीपेक्षा त्याच्या मागच्या अंकातले दोन लेख काढून वाचावेत, संपादक मंडळातल्या एखाद्याला पत्र टाकून आपले नाव तिथे असल्याचे त्याला माहीत आहे का ते विचारावे आणि छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी लेखकाला किती छळले याची चौकशी करावी.

परदेशी म्हणजे खरे, या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध १९९८ साली ‘लॅन्सेट’ या नामवंत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातच आला होता आणि तो मागे घ्यायला २०१० साल उजाडले. त्याच ‘लॅन्सेट’ने मे २०२०मध्ये छापलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या कोविडवरील वापराविषयीचा निबंध, त्यामागची माहिती पडताळताच येत नाही हे उघड झाल्यावर, दोन आठवड्यांत मागे घेतला गेला. ‘वायली’ या अमेरिकी प्रकाशन कंपनीने २०२१ साली ‘हिंदावी’ हा प्रकाशनसमूह विकत घेतला आणि २०२३ मध्ये या एकाच समूहाला आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. त्या वर्षी जगभरात मागे घेतलेल्या निबंधांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली. माझ्या मते यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हे निबंध मागे घेतले गेले. चूक जाहीरपणे मान्य करून ती कायमची नोंदवून ठेवणारी व्यवस्था जिथे आहे तिथे विश्वासाला जागा आहे. क्यूआर कोडवाल्या नियतकालिकात अशी वेळ येत नाही, कारण छापल्यानंतर ते कोणी वाचतच नाही.

आता ज्या विधानावर मजकुराचा सगळा भर आहे तिकडे वळतो: आमचे प्राध्यापकच लबाड आहेत. काही आहेत. पण हजारो माणसे एकाच दशकात एकाच प्रकारची लबाडी करू लागतात, तेव्हा त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्यापुढे ठेवलेला नियम आधी पाहावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी नेमणूक आणि पदोन्नती गुणांकाशी बांधली, आणि त्या गुणांकात प्रत्येक पेपरला गुण ठरले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे अशी अटही होती. ती नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत निघाली. हे गुण मोजायला बसलेल्या समितीला प्रत्येक विषय कळणे शक्य नव्हते, म्हणून तिने सोपा प्रश्न विचारायला सुरुवात केली: आयएसएसएन आहे का? वास्तविक आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटइतकाच. त्यावरून दर्जाबद्दल काहीही कळत नाही. पण फायलीत तो क्रमांक असला की गुण मिळत आणि नसला की कापले जात. मग ज्यांच्याकडे क्रमांकाखेरीज दुसरे काहीच नव्हते, त्यांची दुकाने चालू लागली.

आयोगाने नंतर मान्य नियतकालिकांची यादी केली. त्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ तपासून पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या मदतीने ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिकाची पारख पुन्हा संस्थांवरच सोपवण्यात आली. यादी वाढवली, छाटली, बदलली, रद्द केली. मोजणी मात्र तशीच राहिली. ज्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते, ज्याच्या विभागातल्या रिकाम्या जागा सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, मुलांनी कशाबशा भरलेल्या असतात आणि ज्याच्या प्रयोगशाळेत नमुने थंड ठेवून वेगाने फिरवणारे साधे शीत अपकेंद्रित्रही (सेंट्रिफ्यूज) नसते, त्याच्याकडून दरवर्षी पेपर मागणे म्हणजे त्याला त्या मोबाइल क्रमांकाकडे ढकलणे आहे. मजकूर पाठवणारे त्या प्राध्यापकावर तुटून पडतात; मोजणी ठरवणाऱ्याबद्दल त्यांच्या मजकुरात एक ओळही नाही.

शेतकऱ्याला उपयोग नाही, हे विधान मला सर्वांत जास्त लागते, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवर येणारा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग घ्या. पानावर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे दिसू लागतात, पाने अरुंद आणि वेडीवाकडी होतात आणि पोंगा, म्हणजे मधले न उमललेले कोवळे पान, सडतो. झाड विषाणूने धरले की बरे होत नाही. ते उपटून नष्ट करणे एवढेच हातात राहते. तरीही कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणून फवारण्या केल्या जातात, ज्यांचा विषाणूवर काडीचा परिणाम होत नाही. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि त्याला काकडीवर्गीय पिकांपासून बांधावरच्या केना या तणापर्यंत हजारावर वनस्पती चालतात. आता खरे प्रश्न इथे सुरू होतात: यावलच्या बांधांवरच्या कोणत्या तणांत तो उन्हाळाभर टिकतो? मावा कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त उडतो? टिश्यूकल्चरच्या रोपांतून तो येतो की लागवडीनंतर बागेत शिरतो? या प्रश्नांची उत्तरे लंडनच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या संपादकाला नको आहेत. त्याच्या वाचकाला तापी खोऱ्यातल्या केन्याशी काही देणेघेणे नाही. ती उत्तरे चोपडा, फैजपूर किंवा भुसावळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा माणूसच शोधू शकतो, पानांचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून, गावोगाव फिरून. पण केळीचे एक पीक लागवडीपासून कापणीपर्यंत साधारण वर्ष घेते, दोन हंगाम पाहायचे तर दोन वर्षांहून अधिक काळ जातो, आणि शेवटी निष्कर्ष असा निघू शकतो की अमुक फवारणीने काहीच फरक पडला नाही. शेतकऱ्याचे पैसे वाचवणारा हा निष्कर्ष आहे. ‘काहीच फरक पडला नाही’ असा पेपर मात्र नामांकित नियतकालिके सहसा घेत नाहीत आणि मोजणीच्या धबडग्यात तो लिहायला सवडही उरत नाही.

कपाशीचे उदाहरणही समोर आहे. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली, अशी दोन विषे तयार करणारे दोन जनुकांचे वाण २००६ साली आले आणि पुढे गुलाबी बोंडअळी दोन्ही विषांना दाद देईनाशी झाली. ती दाद देत नाही हे सिद्ध करायला नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे शेतांतून बोंडे गोळा करून प्रयोगशाळेत अळ्या वाढवाव्या लागल्या. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने राज्यभर कपाशी पोखरली तेव्हा पुढच्या शिफारशींना आधार मिळाला तो अशाच कामाचा: फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेले पुढचे पीक) घेऊ नका, नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावा, हंगामपूर्व लागवड टाळा. याच कपाशीत बोगस बियाणे निघते म्हणून आपल्याकडे कोणी पेरणी सोडून देत नाही. विक्रेत्यावर गुन्हा दाखल करा, असे म्हणतात.

विधानाचा खरा भाग असा की हे निष्कर्ष शेतकऱ्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचत नाहीत. प्रबंध इंग्रजीत असतो, पेपर इंग्रजीत असतो, आणि वावरात बसलेला माणूस लेवा गणबोलीत किंवा अहिराणीत विचार करतो. मराठी विज्ञान परिषदेसारखी संस्था १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोहोचवण्याचे काम करत आली आहे, पण आयोगाच्या २०१८ च्या गुणतक्त्यात लोकांसाठी वर्तमानपत्रात किंवा मासिकात लिहिलेल्या लेखाचा रकानाच नाही. नंदुरबारच्या एखाद्या प्राध्यापिकेने भिल्ल आणि पावरा वस्त्यांतल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर सोप्या मराठीत लिहिले, वाहक असणे आणि रुग्ण असणे यांतला फरक घरोघर समजावला, तर तिच्या पदोन्नतीच्या फायलीत त्याची नोंद कुठे करायची हे कोणालाच सांगता येत नाही. हा दोष दुरुस्त व्हायला हवा, तातडीने हवा; पण संशोधन बंद केल्याने तो दुरुस्त होणार नाही, कारण मग सांगायलाच काही उरणार नाही.

राहिला सरकारी खर्चाचा मुद्दा. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवून तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना वाचायला खुली केली आहेत. शिक्षणसंस्थांनी चालवलेल्या आपल्याकडच्या महाविद्यालयांना ती केव्हा आणि कशी मिळणार, हा प्रश्न प्राचार्यांनी लेखी विचारला पाहिजे. जो पैसा प्रकाशकांना जातो त्याचा हिशेब मागणे योग्यच आहे. पण हा आकडा वाचकवर्गणीचा आहे, जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या प्रयोगाचा नव्हे, आणि मजकूर या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात घालतो.

शेवटी मजकूर पाठवणाऱ्यांना दोन गोष्टी करता येतील. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही मोफत उघडता येतात; कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचेही तिथे आहेत. एखादा बोगस वाटला तर त्याचे नाव, पान आणि उतारा देऊन विद्यापीठाकडे लेखी तक्रार करावी. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याला साम्याच्या टक्क्यांनुसार शिक्षा ठरलेली आहे आणि ६० टक्क्यांच्या वर प्रबंध गेला तर नोंदणीच रद्द होते. दुसरी मागणी विद्यापीठाकडे करावी: पीक, पाणी किंवा आरोग्य या विषयांवरच्या प्रत्येक प्रबंधासोबत मराठीत दोन पानांचा निष्कर्ष सक्तीचा करावा, त्यात जे लागू पडले नाही तेही लिहावे, आणि शेतीविषयक निष्कर्षांची एक प्रत पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रांत पाठवावी, जिथे शेतकरी आधीच जातो.