पिकअपचं हौसिंग टाकलं की कितीही पॉवर चालते?

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवेड्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं: ड्रॅगची (सरळ पट्ट्यावर सुसाट पळवायची) गाडी बनवायची तर मागे पिकअपचं हौसिंग (मागच्या एक्सलचा सांगाडा) टाका, ते दीड टन केळी ओढतं. स्टार गिअर (वळणावर दोन चाकं वेगळी फिरू देणारे डिफरन्शियलमधले छोटे गिअर) वेल्ड करा, फुकटात स्पूल (दोन्ही चाकं कायम एकत्र फिरवणारी जोडणी). लेथवर ईएन-२४ पोलादाचा जाड शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) बनवून घ्या. रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे) ४.८८ घाला, गाडी उडेल. पैसा असेल तर अमेरिकेचं नऊ इंची (फोर्डचं मागचं एक्सल) मागवा, ते तुटतच नाही. मग हॉर्सपॉवर कितीही द्या. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे आणि तेवढ्यावरच मेसेज खपतोय.

‘दीड टन ओढतं, म्हणजे पॉवरही झेलेल’

रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेल्या पिकअपच्या हौसिंगवर उभं वजन असतं. त्याने हौसिंगच्या नळ्या वाकू पाहतात. ड्रॅगमध्ये मार बसतो तो पिळाचा, तोही एका झटक्यात. वजन पेलणारं हौसिंग पीळ पेलेलच असं नाही.

पीळ किती, ते हॉर्सपॉवरवरून कळत नाही. १३०० किलोची गाडी घ्या. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.५, क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) ४.१. गुणाकार ५७४० न्यूटन-मीटर. टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. रोडचा साधा टायर असेल, घर्षणांक ०.९ धरला आणि सुटताना मागच्या चाकांवर ८४५ किलो आले, तर चाकं साधारण २४६० न्यूटन-मीटरलाच घसरतात. धूर निघतो, शाफ्ट वाचतो. आता त्याच गाडीला ड्रॅग स्लिक (खाचा नसलेले चिकट टायर) लावा आणि चिकट केलेल्या धावपट्टीवर उभी करा. घर्षणांक २ च्या आसपास, मागे १००० किलो. पकड ६४७० पर्यंत जाते, म्हणजे चाक घसरत नाही आणि ५७४० च्या ५७४० शाफ्टवर येतात. वर क्लच सोडताना फ्लायव्हीलचा धक्का वेगळाच. हॉर्सपॉवर एकानेही वाढली नाही, भार मात्र दुपटीहून जास्त. म्हणून एक्सल निवडताना आधी टायर, वजन आणि पहिला गिअर विचारायचा. क्लच की (ऑटोमॅटिकचा) टॉर्क कन्व्हर्टर तेही विचारायचं. हॉर्सपॉवर सगळ्यांत शेवटी.

मेसेजमध्ये पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) उल्लेखच नाही, आणि खरी मोडतोड तिथून सुरू होते. पाट्यांवरचं हौसिंग सुटताना पिळतं, पिनियनचं नाक वर उचलतं, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि उसळून परत येतात. चाक पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं. या हादऱ्यात पिनियनचे दात आणि क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) आधी जातात. ट्रॅक्शन बार किंवा लॅडर बार (हौसिंगला पिळू न देणारे दांडे) लावल्याशिवाय हौसिंगवर पैसे घालणं म्हणजे पैसे पाण्यात. पाट्यांवर पिनियन काही अंश खाली झुकवून बसवायचं असतं, फोर-लिंकला (पाट्यांऐवजी चार दांड्यांवर धरलेल्या हौसिंगला) एक-दोन अंश पुरतात.

ज्या हौसिंगच्या नळ्या ओतीव गोळ्यात (गिअर बसतात त्या मधल्या भागात) दाबून, दोन-चार ठिकाणी प्लग वेल्ड करून बसवलेल्या असतात, तिथे नळीच गोळ्यात फिरते. नळी आणि गोळ्याच्या सांध्यावर रंगाची आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटली की नळी फिरली. उपाय म्हणजे पूर्ण गोल वेल्ड. पण गोळा ओतीव लोखंडाचा असेल तर आधी तापवून, निकेलच्या रॉडने, छोट्या टप्प्यांत आलटूनपालटून वेल्ड करायचा आणि सावकाश निवू द्यायचा. आत सरळ बार घालून नळ्यांची रेषा तपासायची. सलग वेल्ड मारला की हौसिंग केळ्यासारखं वाकतं आणि मग बेअरिंगं का टिकत नाहीत याचा शोध सुरू होतो.

‘स्टार गिअर वेल्ड केले की स्पूल’

दोन्ही चाकं एकत्र फिरतात, एवढंच खरं. स्टार गिअरचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. वेल्डच्या कडेचा भाग ठिसूळ होतो आणि धक्क्याने चिरतो. सुटलेला तुकडा क्राऊन-पिनियनमध्ये अडकला की मागची चाकं जाम होतात, तीही गाडी भर वेगात असताना. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग स्पर्धांच्या संस्थेने वेल्ड केलेले स्टार गिअर सगळ्याच वर्गांत बंद ठेवलेत.

खरा स्पूल म्हणजे अख्ख्या कॅरिअरच्या (स्टार गिअर बसतात त्या केसच्या) जागी बसणारा एकसंध पोलादी तुकडा. मिनी स्पूल फक्त स्टार गिअरच्या जागी बसतो, भोवतीची कंपनीची केस तीच राहते आणि तीच फुटते. आठवडाभर हायवेवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही नकोत. वळणावर आतलं-बाहेरचं चाक वेगळं अंतर कापू पाहतं, ती ओढाताण शाफ्ट सोसतो. अशा गाडीला क्लच पॅकचं एलएसडी (एकच चाक घसरू न देणारं, पण वळणावर सैल पडणारं डिफरन्शियल) बरं, त्यात फ्रिक्शन मॉडिफायर मिसळलेलं ऑइल लागतं.

‘ईएन-२४ चा जाड शाफ्ट’

ईएन-२४ वाईट पोलाद नाही, अमेरिकेच्या ४३४० पोलादाचंच भावंड आहे. पण पोलादाचं नाव सांगून शाफ्ट बनत नाही. हीट ट्रीटमेंट कुठे झाली, कडकपणा मोजला का, स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांच्या) मुळाशी गोलाई ठेवली की टोकदार खाच, यावर तो टिकतो. लेथवाल्याकडे कडकपणा मोजायचं साधन नसेल तर शाफ्ट तिथे नकोच.

जाडीचा हिशोब व्यासाच्या घनात चालतो. ३१ स्प्लाइनचा शाफ्ट साधारण ३३.५ मिलिमीटर, ३५ चा ३८.१. फरक साडेचार मिलिमीटरचा, ताकद सुमारे ४७ टक्क्यांनी जास्त. पण स्प्लाइन बारीक आणि मधला दांडा जाड असेल तर सगळा पीळ स्प्लाइनच्या तोंडाशी गोळा होतो आणि शाफ्ट तिथेच तुटतो. दांडा स्प्लाइनच्या मुळाच्या व्यासाइतका किंवा किंचित बारीक हवा, म्हणजे पीळ पूर्ण लांबीवर पसरतो. शाफ्ट कापून, मध्ये वेल्ड करून लांबी जुळवणं तर सोडूनच द्या. दर स्पर्धेनंतर शाफ्ट उपसून स्प्लाइन सरळ आहेत का बघा. तिरप्या झालेल्या स्प्लाइनचा शाफ्ट परत बसवायचा नाही.

शाफ्ट सी-क्लिपवर (आतल्या टोकाच्या सी आकाराच्या कडीवर) अडकलेला असेल तर तो तुटल्यावर चाकासकट बाहेर येतो. पाव मैल १०.९९ सेकंद किंवा कमी वेळात कापणाऱ्या गाड्यांना एनएचआरए बाहेरून शाफ्ट धरून ठेवणारी व्यवस्था सक्तीची करतं, ते यासाठी.

‘रेशो ४.८८’

४.८८ ने सुटणं जोरात होतं, शेवटाचं काय? २.०७ मीटर परिघाच्या टायरवर, थेट गिअरमध्ये (१:१), ताशी २०० किलोमीटरला ४.८८ असेल तर इंजिन ७८५० च्या वर फिरतं, ४.१० ला ६६००. साडेचार हजारावर दम सोडणारं डिझेल असेल तर ४.८८ ला थेट गिअर ताशी ११५ लाच संपतो. शिवाय डेना ६० या अमेरिकन एक्सलमध्ये ४.१० चं पिनियन १० दातांचं, ४.८८ चं फक्त ८. पिनियन लहान, म्हणजे अशक्त.

‘नऊ इंची तुटतच नाही’

फोर्डचं नऊ इंची १९५७ ते १९८६ पर्यंत बनलं. पिनियनला मागच्या टोकाशी तिसरं बेअरिंग आणि गिअरसकट अख्खा गोळा पुढून निघतो, हे त्याचे खरे गुण. पण पिनियन मध्यरेषेच्या बरंच खाली असल्याने दात जास्त घासतात आणि थोडी पॉवर त्यात जाते. जुन्या नऊ इंचीत २८ स्प्लाइनचे शाफ्टही येत. नाव तेच, ताकद नाही. मागवण्याआधी ब्रेकच्या बाहेरच्या तोंडापासून तोंडापर्यंत रुंदी आणि चाकाचे बोल्ट मोजा. बहुतेकांचे पैसे इथे अडकतात.

कुठलंही घ्या, जुळणी नीट हवी. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, किंवा गिअर बनवणाऱ्याने दिला असेल तो. पिनियनवर चेपणाऱ्या बुशऐवजी शिमसह घट्ट स्पेसर लावा. दातांवर रंग लावून ठसा बघा. ड्रॅगचे ९३१० पोलादाचे गिअर धक्का सोसतात पण रोडवर लवकर झिजतात, रोजच्या गाडीत ते घालू नका. ऑइल जीएल-५ दर्जाचंच. नवा सेट पंधरा-वीस मिनिटं सौम्य चालवून पूर्ण निवू द्यायचा, असं दोन-तीनदा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर असताना निवायला जास्त वेळ लागतो. हौसिंगची ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी) नळीही काढून फुंकून बघा, ती बुजली की सील उडतं आणि ऑइल थेट ब्रेकवर येतं.