‘ठिपके मोजणारे काका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मोनाल या हिमालयातल्या रंगीत पक्ष्याच्या जुन्या छापील चित्राची पारख आणि निगा यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय : “काका, भिंग लावून ठिपके मोजणं हा निव्वळ देखावा. चित्र म्हणजे चित्र. लॅमिनेट करून टाका, पावसाळ्याची कटकट मिटली. यूव्ही काच वगैरे श्रीमंतांचे चोचले. आणि भाव तर तुम्ही सांगतच नाही.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘देखावा’? आणि हे ‘काका’ कशासाठी? माझं वय तुम्हाला ठाऊक नाही, काम ठाऊक नाही, आणि लेख शेवटपर्यंत वाचल्याचं तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी दिसत नाही. छपाईचे ठिपके मोजा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ते आहेत का, आणि असले तर कसे, एवढंच बघायचं असतं.

माझे वडील छापखान्यात ऑफसेट मशीनवर होते. ओला ताव उचलला की आधी भिंग. एखादा रंग केसभर सरकलेला दिसला तर “रजिस्टर हललं” म्हणून मशीन थांबवायचे, मालक कितीही घाई करो. ते भिंग मी शाळेत असल्यापासून हाताळतोय. त्यामुळे तुमचा तो शब्द जिव्हारी लागला, लपवत नाही.

आता ठिपक्यांचं. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांचा हिमालयातल्या पक्ष्यांचा ग्रंथ १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. त्यातली ८० चित्रं त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी लिथोच्या, म्हणजे छपाईच्या सपाट दगडावर तेलकट खडूने रेखली. दगडावरून छापलं गेलं ते फक्त काळं रेखाटन. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेला. असा ताव दहापट भिंगाखाली धरा. मोनालच्या मानेवरचा रंग सलग दिसतो, कुठे कुंचला रेघेबाहेर गेलेला असतो, आणि रंगाखालून खडूची रवाळ, वेडीवाकडी काळी छटा डोकावते. आता त्याच चित्राची अलीकडची ऑफसेट नक्कल घ्या. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके, शिस्तीत, ठरलेल्या अंतरावर. हातभर लांबून दोन्ही पक्षी सारखेच देखणे. पण एक बाईंनी दगडावर काढलेला आणि कुणीतरी बसून रंगवलेला, दुसरा कॅलेंडरच्या मशीनवरचा. चित्र म्हणजे चित्र, असं म्हणून हा फरक पुसायचा? मला ते जमणार नाही.

निगासुद्धा यावरच ठरते. हाताने भरलेला जलरंग पाण्याच्या थेंबाने फुटतो, म्हणून त्यावर ओला बोळा फिरवायचा नाही. ऑफसेटमध्ये उन्हाने किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते आणि सगळं चित्र निळसर पडतं. भिंग न लावता हे कळणार कसं?

लॅमिनेशनबद्दल एकच सांगतो. उष्णतेने वितळलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरतो, तो पुन्हा सुखरूप निघत नाही. माझ्याकडे असा एक ताव आणला होता. पिसांवर बुडबुडे धरलेले, कडा फ्रेमवाल्याने मापात बसवायला कापलेल्या. आणणाऱ्या माणसाला काय सांगावं ते मला सुचेना. त्यामुळे तुम्ही इतरांना हा सल्ला बिनदिक्कत देताय याचा मला राग आला आहे.

उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच महाग पडते, हे तुमचं म्हणणं मान्य. साधी काच लावा, पण ती चित्राला टेकू देऊ नका, मध्ये आम्लमुक्त माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट ठेवा. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. यात श्रीमंती कुठे आली?

भावाचं म्हणाल, तर विम्यासाठी लिहायची रक्कम वेगळी आणि विकताना हाती पडणारी वेगळी. कडा शाबूत आहेत का, डाग किती, रंग किती उडालाय, हे न बघता आकडा फेकणारे बाजारात पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. तुमच्याकडे खरंच असं चित्र असेल तर लॅमिनेशनवाल्याकडे नेण्याआधी पुढून-मागून फोटो पाठवा. बघून सांगेन.