‘कळसूबाई डन!’

सकाळी सहा वाजता डोळे धड उघडले नव्हते आणि सोसायटीच्या ग्रुपवर बावन्न फोटो येऊन पडले होते. शनिवारी रात्री निघालेली आमच्या बिल्डिंगची गँग रविवारी शिखरावर पोचली. खाली ओळ: ‘कळसूबाई डन! महाराष्ट्राचा एव्हरेस्ट काँकर केला. नेक्स्ट साल्हेर.’ त्याखाली अंगठे, टाळ्या, बेटकुळ्या काढलेले दंड. मीही सवयीने अंगठा द्यायला गेले आणि सदतिसाव्या फोटोपाशी थांबले.

बुटकं शेंदरी देऊळ, झेंडा, पुढे उडी मारून हवेत गेलेले सात जण. आणि कोपऱ्यात, कातळाच्या खाचेत, पोह्यांनी माखलेल्या कागदी प्लेटांचा ढीग. वर लिंबाची पिळलेली फोड.

आमच्यातलीच माणसं आहेत हो ही. लिफ्टमध्ये भेटतात, गणपतीत आरतीला टाळ वाजवतात, जिन्यात कोणी गुटख्याची पुडी टाकली की ग्रुपवर चार-चार परिच्छेद लिहितात. म्हणूनच डोकं फिरलं.

पहिलं म्हणजे तो एव्हरेस्ट कशाला मधे आणायचा? कळसूबाई १६४६ मीटर. सिमला शहर तिच्याहून पाचेकशे मीटर उंचावर आहे आणि तिथे लोक माल रोडवर आइसक्रीम खात हिंडतात, त्यांना कोणी पदक देत नाही. उंची मोजायला बसलात तर आपला सह्याद्री गरीबच ठरणार. आणि ‘काँकर’? नवरात्रात सत्तर वर्षांच्या बाया अनवाणी, कमरेला ओटीचं सामान बांधून त्याच शिड्या चढतात. त्या खाली येऊन ‘देवीला जाऊन आले’ म्हणतात. एवढंच म्हणतात.

१९९४ सालची गोष्ट सांगते. माझ्या जवळच्यांनी ती आधी ऐकलीय, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

कॉलेजचं दुसरं वर्ष, नवरात्र. आम्ही अकरा जण, चार मुली आणि सात मुलगे. घोटीहून एसटीने पायथ्याच्या बारी गावी उतरलो. खुरासणी फुललेली, सगळी वावरं पिवळीजर्द. माझ्यापुढे एक म्हातारी चढत होती. शिडीपाशी आल्यावर तिने खालच्या दांड्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला, माझी आई लोकलमध्ये चढताना करायची तसा. मग एका दमात वर. आम्ही शिडीवर ओरडतोय, एकमेकांचे फोटो काढतोय, रोल संपेल म्हणून भांडतोय. खाली आलो तेव्हा पोटात कावळे. एका घरात विचारलं, जेवायला मिळेल का. कारवीच्या कुडाच्या शेणाने सारवलेल्या भिंती, आत अंधार, चुलीचा धूर. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी, वरईचा भात. इतकं जेवलो की बोलायची सोय राहिली नाही. जेवलो आणि उठलो. अकरा ताटं तिथेच. सून आली, एकावर एक ताटं रचून मागे घेऊन गेली, राख आणि पेंढ्याच्या बोळ्याने घासायला बसली. तिथे उंबऱ्याशी बसलेल्या सासूबाईंनी आम्हाला कळसूची गोष्ट सांगितली.

“आमची कळसू बी कामालाच व्हती,” तिथून सुरुवात.

कळसू कोळ्याची पोर. डोंगरदऱ्यांत हिंडायचं वेड. पलीकडच्या अंगाला इंदोरे गाव, तिथे एका घरी कामाला राहिली. राहण्याआधीच सांगून टाकलं: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, बाकी काय ते सांगा. घरच्यांनी मान्य केलं. बरेच दिवस नीट चाललं. मग एक दिवस घरात पाहुणे आले, कामाची घाई झाली आणि कोणीतरी तिला म्हणालं, घास गं तेवढी भांडी, काढ तेवढा केर. तिने घासली. केरही काढला. आणि हात धुऊन जी डोंगर चढली ती परत उतरली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. ती राहिली ते शिखर कळसूबाई.

मला ही गोष्ट आपल्या सगळ्या पुराणकथांपेक्षा प्रिय आहे. हिने कुठला राक्षस मारला नाही, कोणाला शाप दिला नाही. ठरलं नव्हतं ते काम सांगितलं म्हणून नोकरी सोडली. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी एका कामवाल्या मुलीचा राजीनामा पूजला जातो, आणि आपण तिथे जाऊन खरकट्या प्लेटा ठेवून येतो. तीस वर्षांनी पुन्हा तिलाच सांगतो, घास गं तेवढी.

आता कोणीतरी कमेंट करणार की ट्रेकर लोकांमुळे गावाला चार पैसे मिळतात. मिळतात. बारीत, रतनवाडीत, साम्रदला पोरं गाइडचं काम करतात, घरोघरी जेवणाच्या पाट्या आहेत, आणि नागलीच्या वावरावर सगळं घर चालत नाही हे मला ठाण्यात बसून सांगायला काय जातंय. मान्य. पुढे.

पैसे दिले म्हणजे जागा आपली झाली, हे कोणी ठरवलं?

काजव्यांचं तेच. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याच्या अंगाला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, अशी झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. नराने मादीला घातलेली साद असते ती, सगळा खेळ अंधाराचा. आणि आपण काय करतो? गाडीचे हेडलाइट लावून अंधार बघायला जातो. काचा खाली, गाणी चालू. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं. अभय कोणाला मिळालं देव जाणे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेलात तर तंबूंच्या रांगा. एकेकाळी कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला त्याच कड्यावर इंद्रवज्र दिसलं होतं, म्हणजे गोल इंद्रधनुष्य आणि मधे स्वतःची सावली. आता खालून धुकं आलं तरी आपल्या लोकांना आधी स्पीकरची बॅटरी किती उरली ते बघायचं असतं.

जरा पाणी पिऊन आले.

राग बाजूला ठेवून सांगायचं तर मला या डोंगरांचं खरंच नवल वाटतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. कड्यांवर त्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, ते थर. भाकरी चळतीने रचाव्या तसे. अलंग-मदन-कुलंगच्या बाजूला संध्याकाळचं ऊन पडलं की एकेक थर मोजता येतो. पश्चिमेचे ढग याच भिंतीला येऊन धडकतात, म्हणून घाटघरला नगर जिल्ह्याचं (आता अहिल्यानगर, जीभ अजून वळत नाही) चेरापुंजी म्हणतात, आणि त्याच जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग आभाळाकडे डोळे लावून बसतो. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. अमृतेश्वराच्या देवळाजवळची ती एवढीशी धार. भंडारदऱ्याला धरणात अडते (१९२६ सालचं धरण, शंभरी गाठली त्याने), पुढे उसाला जाते, साखर होते. आणि ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं याच प्रवरेच्या काठी. म्हणजे आपल्या चहात, ताटात आणि पोथीत, तिन्हीकडे हा डोंगर आहे. तो ‘डन’ कसा करणार?

आणि या शिखरांवर बायका किती आहेत पाहिलंत? शिवनेरीवर शिवाई, जीवधनवर जीवाई, तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती. कळसू, रत्ना, कात्रा या तर बहिणीच मानतात तिकडे. साल्हेरला मात्र परशुराम. तिथूनच बाण मारून त्याने समुद्र मागे हटवला म्हणतात. १५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल. १६७२ मध्ये मोगलांशी मोकळ्या मैदानावर मराठे जिंकले ते त्याच्याच पायथ्याशी. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे, म्हणून आमच्या गँगचं ‘नेक्स्ट’. जा बाबांनो, जरूर जा. प्लेटा परत आणा.

राघोजी भांगरे कळसूबाईच्याच अकोले तालुक्यातला, देवगावचा. महादेव कोळी. याच रानाच्या भरवशावर इंग्रजांशी आणि सावकारांशी लढला. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली त्याला. मी रोज त्या तुरुंगाच्या भिंतीवरून रिक्षाने ऑफिसला जाते. आमच्या बिल्डिंगमध्ये किती जणांना त्याचं नाव माहीत आहे? विचारून बघणार होते, पण मग म्हटलं, मला तरी चाळिशीपर्यंत कुठे माहीत होतं.

इथे मला थोडं खाली उतरावं लागतंय.

त्या १९९४ च्या घरातली एक गोष्ट मी नेहमी गाळून सांगते. आजी सांगत होत्या, “मंग येक दिस घरात पावने आलं,” आणि तिथे थांबून त्यांनी आम्हा अकरा जणांकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. मागून ताटांवर ताट आपटल्याचा आवाज येत होता. आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, म्हातारी गोष्ट रंगवून सांगतेय. एक मुलगा म्हणालासुद्धा, “आजी, तुम्ही टीव्हीवर जायला पाहिजे.” त्याही हसल्या. कोणी उठलं नाही. मीही नाही. घरी आईच्या हाताखाली रोज भांडी घासणारी मी, तिथे मस्त भिंतीला टेकून बसले होते, कारण पाय दुखत होते आणि माणशी आठ रुपये दिले होते.

ते पाहणं मला कळायला पंधरा वर्षं लागली. लग्न झालं, सासरी सणाला वीस-वीस माणसांचं खरकटं एकटीने काढलं, आणि एका दिवाळीत मोरीत बसल्या-बसल्या एकदम ‘पावने आलं’ आठवलं. हातातला तांब्या तसाच राहिला.

तर माझा आज त्या सात जणांवर राग आहे, तो आहेच. पण त्यात माझ्या वाटचाही आहे.

डोंगरालाही अटी असतात, एवढंच मला त्या गोष्टीतून कळलंय. त्याने आधीच सांगून ठेवलेल्या असतात, आणि आपण पाहुणे आले म्हणून, रस्ता पाहिजे म्हणून, फार्महाउस पाहिजे म्हणून त्या मोडतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. तिथल्या माणसांनी काही फार्महाउस बांधली नव्हती, हेही खरं, आणि दरड कोसळायला एकच कारण नसतं, पाऊस असतो, उतार असतो, मातीचं वय असतं, ठाऊक आहे मला. तरी पश्चिम घाट वाचवायचा कसा ते सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा आहे आणि त्याला कोणी कोणी विकासविरोधी म्हटलं ते मी विसरलेले नाही. ज्यांनी म्हटलं त्यांचं घर दरडीखाली नाही.

लेक म्हणाली, “आई, एवढी पोस्ट लिहिण्यापेक्षा ग्रुपवर सरळ विचार ना, प्लेटा कोणी उचलल्या?” टाइप केलं. तीन शब्द. मग आठवलं, यातल्या दोघांनी कोविडमध्ये आमच्या घरी महिनाभर डबा पोचवला होता. पुसलं. मग पुन्हा टाइप केलं. अजून पाठवलेलं नाही, तिथेच आहे.

त्याऐवजी दुपारी बारीला फोन केला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. पण मी तीन-चार वर्षांतून एकदा जाते, त्यामुळे नंबर आहे. फोन वहिनींनी उचलला, त्याच सूनबाई, आता त्यांनाही नातवंडं आहेत. म्हटलं, काल गर्दी होती का? तर म्हणाल्या, “व्हती की. साठ पानं झाली.” म्हटलं, मग भांडी?

“आता कुठं भांडी ताई, कागदाची ताटं आनतो आम्ही पन. घासायचं काम गेलं.” मग जरा थांबून, “पर वारा लय. उडून जात्यात वर. सोमवारी पोरं गोनी घेऊन येचायला जात्यात.”

आज सोमवार. विचारलं, गेली का पोरं? तर म्हणाल्या, पोरगा कामाला गेलाय, नातू शाळेत. “मीच चाललेय आता, ऊन उतरलं की.”