सातबारा नसलेली वाळू

काल भंडाऱ्याकडून येताना अंभोऱ्याच्या नव्या पुलावर थांबलो. समोर नुसतं पाणी. याच पाण्यात खालच्या अंगाला आमचं गाव आहे, गोसीखुर्द धरणाच्या बुडितात.

धानाच्या बांध्या होत्याच, पण आमचं गाव मोठं केलं ते वैनगंगेच्या वाळूनं. दिवाळीनंतर पाणी उतरलं की मासे धरणारे ढिवर काय, कुणबी काय, सारेच पात्रात उतरायचे. खड्डे खणायचे, शेणखत घालायचं, डांगराच्या म्हणजे खरबुजाच्या अन् टरबुजाच्या बिया लावायच्या. हीच आमची वाडी. वाळूतच झिरा खोदून हंड्यानं पाणी द्यायचं. रात्री कोल्हे यायचे म्हणून बाबाजी वाडीतच निजायचे. पहाटे मी भाकर घेऊन जायचो, तेव्हा ते डांगर फोडून पहिली फोड नदीत सोडायचे, मग मला द्यायचे. उन्हाळ्यात डोंगे, म्हणजे लहान नावा, भरून माल पवनीला जायचा. त्या दोन महिन्यांच्या पैशावर आमच्याकडं लग्नं व्हायची.

१९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा धरणाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढं तो १८ हजार कोटींच्या वर गेला. मोजणीवाल्यांनी घर मोजलं, बांध्या मोजल्या, मोहाची झाडंसुद्धा मोजली. बाबाजींनी त्यांना नदीवर नेऊन वाडी दाखवली. "याचा सातबारा आहे का?" एवढंच विचारलं त्यांनी.

पुनर्वसनात प्लॉट मिळाला, नदी नाही मिळाली. ज्याचं सारं पोट डोंग्यावर, त्यानं तिथं काय करावं? पोरं नागपूरला गेली. खालच्या शेतांना पाणी मिळतं, याचा मला आनंदच आहे. पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये अन् कन्हानमधून इथं येतं, जलपर्णी माजते, ते पाहून जीव तुटतो. यासाठी गाव दिलं होतं का आम्ही?

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप निघाला. दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आमच्या घाटांची, वाड्यांची नावं मात्र चार-सहा म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरलीत.

मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या गावच्या एका ढिवरकाकांसोबत डोंग्यानं जाणार आहे. कोणाची वाडी कुठं होती ते काका दाखवतील, मी वहीत लिहून घेईन. बुडितातल्या गावांचं कोणी असेल तर चला. डोंग्यात अजून दोघं बसतील.